भवानी व्हायच्या आधी

तोकमोकच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांची एक अख्खी ओळ आहे. दुकानं म्हणजे लोखंडी कंटेनर. सकाळी त्यांची दारं करकरत उघडायची, कव्हरं आकड्यांना अडकवायची आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. त्या ओळीतलं चौथं दुकान बुरुलचं. बुरुल सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने रुंद आणि बोलायला फटकळ. नवऱ्याने केव्हाच दुसरीकडे संसार थाटलेला, एकुलती मुलगी मॉस्कोत हॉटेलातली भांडी घासायला. तरी रडगाणं गाणाऱ्यांतली ती नव्हे. तिला दोनच गिऱ्हाइकांची चीड होती. एक, वीस कव्हरं हाताळून काही न घेता जाणारं. आणि दुसरं, सकाळी सकाळी माल परत घेऊन येणारं.

या दुसऱ्या चिडीत ती एकटी नव्हती. तो त्या बाजाराचा कायदाच होता, आणि सरकारचे कायदे मोडणारी माणसंसुद्धा तो मोडत नसत. सकाळची भवानी झाली, म्हणजे पहिली विक्री झाली, की ती पहिली नोट हातात धरून सगळ्या मालावरून फिरवायची आणि ‘होऊ दे, होऊ दे’ म्हणायचं. पण भवानी व्हायच्या आधी कुणी परतीचा माल दारात आणला, तर दिवस बुडालाच म्हणून समजा. दुकानदाराने त्या मालाकडे बघायचंही नाही. काय बिघडलंय ते ऐकायचंही नाही. दुपारनंतर या, बस्स.

शार्शेनबाय पहिल्यांदा तिच्या दुकानी आला तो ऑक्टोबरातल्या एका दुपारी. डोंगराकडच्या गावातला म्हातारा, सत्तरीचा, डोक्यावर पांढरा कल्पाक, म्हणजे नमद्याची उंच टोपी. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि गल्ल्यावर ठेवला. फोनच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

“म्हातारीच्या हातून गोठ्यात पडला,” तो म्हणाला. “गाय धार देईना म्हणून ही तिला लेकाचा व्हिडिओ दाखवत होती.”

“आणि दिली का धार?”

“गायीने लाथ दिली.”

बुरुल खळखळून हसली. शेजारच्या कंटेनरमध्ये मोजे विकणारी झुमाकानही हसली, कारण झुमाकानचा एक कान कायम बुरुलच्या दुकानात असायचा.

मग म्हाताऱ्याने कव्हरं बघायला सुरुवात केली, आणि बुरुलचं हसू हळूहळू आटलं. प्रत्येक कव्हर तो हातात घ्यायचा, वाकवायचा, नाकाशी न्यायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा. चामड्यासारखं दिसणारं एक तपकिरी कव्हर तिने मोठ्या ऐटीत पुढे केलं. त्याने नखाने त्याची शिवण खरवडली.

“हे चामडं नव्हे पोरी, हा चामड्याचा फोटो आहे. आणि ही शिवण नुसती छापलेली.”

“तुम्हाला काय हो आबा एवढं कळतं?”

“चाळीस वर्षं खोगीर शिवलंय. आधी सामुदायिक शेतीच्या घोड्यांसाठी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. डोळे अधू झालेत आता, पण हा अंगठा अजून शाबूत आहे.” त्याने अंगठा वर करून दाखवला. जाड, काळसर, आणि टोकाला वर्षानुवर्षं दोरा ओढून पडलेली खाच.

“अहो, पण फोनवर खोगीर थोडंच चढवायचंय?”

“चढवायचंय तर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा उतरला. “माझा एर्मेक रशियात आहे, सुरगुतला. गोदामात कामाला होता. आता इस्पितळात आहे. हृदयाची झडप बिघडलीय म्हणे. परवा छाती उघडणार आहेत. जायच्या आधी तो मला फोन करणार, माझ्याकडून बाता घेणार आणि मग आत जाणार. हा फोन त्यानेच पाठवलेला. परवापर्यंत तो पुन्हा पडता कामा नये. त्यानंतर फुटला तरी चालेल.”

बाता म्हणजे वडीलधाऱ्याने तळहात पसरून दिलेला आशीर्वाद. तो ऐकणाऱ्याने शेवटी ‘ओमीन’ म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला की तो लागू पडतो. लग्न असो, प्रवास असो, घोडा विकत घेणं असो, बाता घेतल्याशिवाय तिकडे कुणी पाऊल उचलत नाही. मग छाती उघडून घ्यायची तर प्रश्नच नव्हता.

बुरुलने गल्ल्याखालचं खोकं ओढलं. म्हाताऱ्याच्या फोनचं मॉडेल जुनं, त्याची कव्हरं आता येत नसत. पण आदल्याच दिवशी नवा माल आला होता, जाड काळ्या रबराचा, चारी कोपऱ्यांना फुगीर उशा असलेला. त्यातलं एक बसण्याजोगं होतं. तिने फोन त्यात घालून दोन्ही अंगठ्यांनी दाबला, कडा ओढून ताणून बसवल्या. फोन असा घट्ट अडकला, की जणू त्यातच जन्मला होता.

म्हाताऱ्याने अंगठा चारी बाजूंनी फिरवला. खालच्या कडेवर चार्जरचं भोक होतं, त्यापाशी तो जरा थांबला, पुढे गेला. “रबर चांगलं आहे,” तो म्हणाला. “याच्याशी भांडण नाही.”

“आता ऐका, आबा. हे स्वतः काढायला जाऊ नका. कड फाटली तर मी परत घेणार नाही, आधीच सांगते. काही झालंच तर आहे तसं माझ्याकडे आणा, मी काढून देईन.”

“आहे तसं आणीन,” तो म्हणाला. कव्हर ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघालं होतं ती त्याने घडी घालून खिशात ठेवली. पैसे दिले, फोन पुन्हा रुमालात गुंडाळला आणि गेला.

ही अट बुरुल प्रत्येकालाच घालायची. लोक कव्हर ओढून फाडायचे आणि तुमचाच माल वाईट म्हणून उलट बोंब मारायचे. त्यामुळे तिचंही काही चुकलं नव्हतं. पण दुसरं एखादं गिऱ्हाईक ही अट दाराबाहेर पडताच विसरून जातं. हा म्हातारा विसरणाऱ्यांतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो पुन्हा हजर.

बुरुलने नुकतंच दार उघडलं होतं. धुपाटणं घेऊन फिरणारी बाई नजर उतरवणाऱ्या अद्रशमानच्या पाल्याचा धूर ओळीतून फिरवून गेली होती, त्याचा वास अजून रेंगाळत होता. भवानीचा पत्ता नव्हता. आणि पाहते तर समोरून म्हातारा येतोय, एका हातात फोन, दुसऱ्या हातात ती प्लास्टिकची पिशवी. हातात पिशवी म्हणजे माल परत. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“तिथेच थांबा, आबा! अजून भवानी नाही झाली माझी.”

“पोरी, मी एवढंच म्हणत होतो—”

“काही म्हणू नका. एक शब्दही नको. दुपारनंतर या, मग काय ते सांगा. सकाळी सकाळी परतीचा माल दारात आणतात का? एवढे जाणते तुम्ही!”

“भवानी करून टाक की म्हातारबाबा, एक मोज्यांची जोडी घे,” पलीकडून झुमाकान म्हणाली. “तिची नाही तर निदान माझी होऊ दे.”

म्हातारा कानकोंडा झाला. त्याने पिशवी चटकन कोटात लपवली, जणू चोरीचा माल होता. “माझंच चुकलं,” तो म्हणाला. “घाईत भान राहिलं नाही. तुझा दिवस भरभराटीचा जावो. मी दुपारनंतर येतो.” आणि तो पाठमोरा झाला.

गावाला जाऊन परत यायला त्याला वेळ नव्हता. समोरच्या बाजूला, पंधरा पावलांवर, चहाचं दुकान होतं. तो तिथल्या बाकावर जाऊन बसला, दुधाचा चहा मागवला आणि दुपार व्हायची वाट बघू लागला.

दहाच मिनिटांत बुरुलची भवानी झाली. एक शाळामास्तरीण येऊन फुलाफुलांचं कव्हर घेऊन गेली. बुरुलने नोट मालावरून फिरवली, होऊ दे, होऊ दे. तिला मान वर करून समोर बघता आलं असतं. ‘या आबा, झाली एकदाची, बोला आता,’ अशी हाक मारता आली असती. पण मग दुसरं गिऱ्हाईक आलं, मग तिसरं. आणि तिने दुपारनंतर म्हटलं होतं म्हणून म्हाताराही जागचा हलला नाही. या हाकेचा विचार तिने पुढे किती वेळा केला, ते तिचं तिलाच ठाऊक.

अकराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला.

बुरुलने पाहिलं ते एवढंच. म्हातारा ताडकन उभा राहिला. फोन कानाला लावला, मग चहाच्या किटलीला टेकवून उभा केला, कारण बाता द्यायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. कल्पाक नीट केला. तळहात पसरले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं, काय चाललंय हे कुणी न सांगताच, हातातले पेले खाली ठेवून गप्प झाली. आणि म्हाताऱ्याने, चाळीस वर्षं घोड्यांना हाका घातलेल्या त्या मोकळ्या आवाजात, बाता द्यायला सुरुवात केली.

“माझ्या बाळा, तुझी वाट पांढरी शुभ्र असो! किदिर बाबा तुझ्या उशाशी बसो! ज्याच्या हातात सुरी आहे त्याचा हात हलका असो, त्याचा डोळा जागा असो! तुझं दुखणं दगडात जावो, पाण्यात जावो, वाऱ्यावर जावो! आईच्या हातची भाकर तुझी वाट बघतेय, ती खायला सुखरूप परत ये! माझ्यापेक्षा पांढरी दाढी तुला येवो! तू मला माती दे, मला तुला द्यावी न लागो! ओमीन!”

“ओमीन!” चहाच्या दुकानातली माणसं म्हणाली. मोजे घ्यायला आलेल्या बाया म्हणाल्या. झुमाकान म्हणाली. बुरुलनेही हातातलं कव्हर ठेवून तळहात पसरले होते, तिनेही ओमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या लेकीला अशी बाता कुणी दिली नाही, असं तिच्या मनात आलं. सगळ्या ओळीने ती बाता ऐकली, पार कोपऱ्यावर सामसे, म्हणजे भट्टीतले समोसे, विकणाऱ्या सामसेवाल्यापर्यंत.

म्हातारा फोन उचलून काही वेळ कानाशी धरून उभा राहिला. मग तो लगबगीने निघाला. चहावालीने विचारलं तर म्हणाला, “ऑपरेशन आजच करतायत, आत्ताच नेलं. म्हातारीला सांगायला हवं.” बुरुलच्या दुकानासमोरून जाताना त्याने हात हलवला. परतीचं तो विसरला होता, आणि तीही विसरली.

आठवड्याभरात त्याच मालाची तीन कव्हरं परत आली. तिघांची एकच तक्रार. आम्हाला ऐकू येतं, पण आमचं बोलणं पलीकडे जात नाही. बुरुलने एकावर स्वतः बोलून पाहिलं, झुमाकानला पलीकडे उभं केलं.

“काय ऐकू येतंय?”

“गोधडीत तोंड घालून कुणी कण्हत असावं, तसं,” झुमाकान म्हणाली. “शब्द एकही नाही. तुझी बडबड ऐकायची नसली तर फार छान आहे. माझ्या सुनेला एक देते.”

बुरुलने कव्हर उजेडात धरलं. खालच्या कडेला चार्जरचं भोक होतं. त्याच्या शेजारी एक बारीक भोक असतं, ज्यातून आवाज आत जातो. कारखान्यात ते पाडायचंच राहिलं होतं. तिने एक शिवी हासडली, कटरचं पातं घेतलं आणि उरलेल्या सगळ्या कव्हरांना एकेक भोक पाडून टाकलं. मिनिटभराचंसुद्धा काम नव्हतं. दोघी हसल्या, चहा प्यायल्या. शार्शेनबाय तेव्हा बुरुलला आठवला नाही, हे सांगायलाच हवं.

तो आठवला डिसेंबरात, तो स्वतः समोर येऊन उभा राहिला तेव्हा.

दुपारचे दोन वाजले होते. बर्फ पडून गेलं होतं, लोक पाय आपटत चालत होते. म्हातारा दुकानाबाहेरच थांबला, उंबरठ्यापासून दोन पावलं दूर. आधी त्याने विचारलं, “भवानी झाली ना, पोरी?”

“कधीचीच झाली. या की आत, आबा,” ती म्हणाली, आणि मग तिला त्याचा चेहरा दिसला. माणूस दीड महिन्यात दहा वर्षांनी थकला होता.

तिने स्टूल दिलं. तो बसला. रुमाल सोडून त्याने फोन गल्ल्यावर ठेवला, आणि त्याशेजारी, घडी घातलेली, ती प्लास्टिकची पिशवी.

“आहे तसं आणलंय,” तो म्हणाला. “काढलं नाही.”

“एर्मेक…?”

“गेल्या बुधवारी त्याचा चाळिसावा दिवस झाला.”

“त्याची माती रेशमाची होवो,” बुरुल कशीबशी म्हणाली. तिकडे बोलण्याची तीच रीत आहे, आणि त्या वेळी रीतच उपयोगी पडते, कारण स्वतःचे शब्द सुचत नाहीत.

“होवो. टेबलावरून उठलाच नाही. विमानाने आणला.” म्हाताऱ्याने फोन तिच्याकडे सरकवला. “पोरी, मी पैशासाठी आलो नाही. तुला एकच विचारायचंय. हा तुझा धंदा आहे, तुला कळेल. मी हे घेऊन गेलो त्याच रात्री थोरल्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, आबा, तुमचा आवाज येत नाही. आम्ही म्हटलं, डोंगर आहे, रेंज नसेल. तरी मी सकाळी तुला दाखवायला आलो होतो.”

“मी बोलू दिलं नाही तुम्हाला.”

“भवानी झाली नव्हती तुझी. तू बरोबर होतीस,” तो म्हणाला, आणि हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. तसा बोलला असता तर बुरुलला सोसलं असतं. “मग त्याचा फोन आला. म्हणाला, आबा, आत्ताच नेतायत, बाता द्या. मी दिली. तू ऐकली असशील.”

“ऐकली, आबा. सगळ्यांनी ऐकली.”

“हो. सगळ्यांनी ओमीन म्हटलं. त्याचं ओमीन मला ऐकू आलं नाही. मी फोन उचलून कानाला लावला, तर तो म्हणत होता, ‘आबा, आहात ना? आबा, आहात ना?’ दोनदा. मग कुणी बाई रशियनमध्ये काही बोलली, आणि बंद झालं.”

झुमाकान मोज्यांची गठडी सोडून ऐकत उभी होती.

“आता बघ,” म्हातारा म्हणाला. “लहान होता तेव्हा अंधाराला घाबरायचा. मी शेजारीच निजलेलो असायचो, माझा हात त्याच्या अंगावर असायचा, तरी विचारायचा. आबा, आहात ना? मी म्हणायचो, आहे रे. थोड्या वेळाने पुन्हा, आहात ना? म्हणजे ऐकू येत असूनसुद्धा विचारायचा. तेव्हा त्या दिवशीही तसाच विचारत असेल, असं मी म्हणतो. घाबरला असेल. पण म्हातारी, माझी उल्कान, म्हणते, नाही, त्याला काहीच ऐकू आलं नाही. बापाचा आवाज न ऐकताच तो आत गेला, बातेशिवाय गेला, म्हणून उठला नाही. चाळीस दिवस ती हेच म्हणतेय. जेवत नाही. त्या दिवसापासून हा फोन पेटीत बंद होता. घरीच बोलून बघता आलं असतं. हिंमत झाली नाही. तिच्यासमोर कशी करणार? म्हणून तिला सांगून तुझ्याकडे आणला. तू बोलून बघ आणि मला सांग, माझा आवाज जातो की नाही.”

बुरुलला बोलून बघायची गरज नव्हती. काळं जाड रबर, चार कोपऱ्यांना उशा, आणि खालच्या कडेला एकच भोक, चार्जरचं. सगळ्या बाजाराने ऐकलं होतं, सामसेवाल्यानेसुद्धा ऐकलं होतं. ज्याच्यासाठी होतं त्याला तेवढं गोधडीत कुणी कण्हत असावं तसं ऐकू आलं असेल. आणि ते भोक पाडायला मिनिटभरसुद्धा लागलं नसतं.

खरं सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. पाया पडावं, माझं चुकलं म्हणावं, हवं तर मारा म्हणावं. पण खरं सांगून तिचं ओझं उतरलं असतं, आणि ते त्याच्या आणि त्या न जेवणाऱ्या बाईच्या उरावर जाऊन बसलं असतं.

“थांबा, आधी पुसून घेते. पेटीतली धूळ बसली असेल,” ती म्हणाली.

फोन घेऊन ती गल्ल्यामागे खाली बसली. एका हाताने फडकं खसाखसा घासल्याचा आवाज केला आणि दुसऱ्या हाताने कटरचं पातं रबरात खुपसलं. नीट बघायला सवड नव्हती. भोक जरा वाकडंच पडलं. रबराचा कण तिने मुठीत धरला, फोन सुरू केला आणि उभी राहिली.

“तुमचा नंबर सांगा. मी माझ्या फोनवरून लावते आणि पलीकडे जाऊन उभी राहते. तुम्ही बोला.”

ती झुमाकानच्या दुकानाच्याही पलीकडे गेली, मोज्यांच्या ढिगाआड, जिथे त्याचा आवाज एरवी पोहोचला नसता. फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हातारा अगदी हळू म्हणाला,

“आहे रे, बाळा. इथेच आहे.”

बुरुलने मोज्यांच्या ढिगाला टेकून तोंडावर हात दाबला. झुमाकानने काही न विचारता तिला आडोसा केला. मग बुरुलने डोळे पुसले आणि परत आली.

“स्वच्छ ऐकू आलं, आबा. शब्द न् शब्द. कव्हरात काही दोष नाही.”

“नाही?”

“नाही. त्या रात्री डोंगराचीच भानगड असेल. तुमचा आवाज जातो.”

म्हाताऱ्याचे खांदे एकदम सैल पडले. “मग मी उगाच तुझ्या मालाला नावं ठेवली,” तो म्हणाला. “दीड महिना मनात तुला दोष देत होतो. माफ कर, पोरी. चांगला माल परत करायला आणला.”

हे मात्र बुरुलला ऐकवेना. तिने मान फिरवली आणि सरळच असलेली कव्हरं पुन्हा सरळ करायला लागली.

म्हाताऱ्याने फोन उचलला. रुमालात गुंडाळण्याआधी, सवयीने, कडेवरून अंगठा फिरवला. वरची कड, डावी, उजवी. मग खालची. चार्जरच्या भोकापाशी अंगठा थांबला, जरा पुढे सरकला, आणि तिथेच राहिला.

डोळे अधू झाले असतील, पण तो अंगठा चाळीस वर्षं हेच करत आला होता. जुनी कड आणि ताजी कापलेली कड यांतला फरक त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नख त्या वाकड्या भोकाच्या धारेवरून एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे. म्हाताऱ्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. रबराचा कण धरलेली तिची मूठ अजून मिटलेलीच होती.

तो रागावला असता, ओरडला असता, फोन तिच्या तोंडावर फेकला असता, तरी तिने मान खाली घालून घेतलं असतं. तो नुसता बसून राहिला. त्याचा खालचा ओठ दोनदा हलला. बाहेर कुणीतरी बर्फ झाडत होतं.

शेवटी तो म्हणाला, “उल्कान घरी एकटी आहे.”

मग त्याने फोनवर बोटाने शोधलं, हळूहळू, एक नाव दाबलं आणि फोन बुरुलच्या हातात दिला. पडद्यावर अक्षरं होती, एर्मेक.

“त्याच्या सामानाबरोबर त्याचा फोनही आला. तो आता तिच्याकडे असतो,” म्हातारा म्हणाला. “मला सांगितलंस तसंच तिला सांग. शब्दही बदलू नकोस.”

“आबा, मी…”

“सांग, पोरी.”

पलीकडे फोन उचलला गेला. बाईचा आवाज होता, रडून रडून घोगरा झालेला. “काय म्हणाली ती?”

“अपा, मी दुकानातून बोलतेय,” बुरुल तिला आईसारखी हाक मारून म्हणाली. “मी स्वतः लावून पाहिला. कव्हरात काही दोष नाही. आबांचा आवाज जातो. स्वच्छ जातो, शब्द न् शब्द.”

“आत्ता जातो, का तेव्हाही जात होता?”

बुरुलने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. अंगठा गुडघ्यावर, काहीतरी शोधत असल्यासारखा, पुढेमागे फिरत होता.

“पहिल्या दिवसापासून जात होता, अपा.”

पलीकडे काहीच ऐकू येईना. बुरुलला वाटलं, फोन बंद झाला. मग कापडाची सळसळ झाली आणि एर्मेकच्या फोनवरून त्याच्या आईने म्हटलेलं ‘ओमीन’ तिला ऐकू आलं.

बुरुलने फोन म्हाताऱ्याला दिला. त्याने तो कानाशी नेला आणि म्हणाला, “आहे ग. निघतोच आता. चुलीवर काहीतरी ठेव.” फोन रुमालात गुंडाळून त्याने आतल्या खिशात ठेवला, उठला, आणि गल्ल्यावरची प्लास्टिकची पिशवी तिच्याकडे सरकवली.

“ही राहू दे तुझ्याकडे,” तो म्हणाला. “मला आता परत करायचं नाही.”